रिपोर्ट छान, पाय बेहाल!

डोकं ठणकलं की ऑफिसच्या ड्रॉवरमधली गोळी घ्यायची आणि कामाला लागायचं. दुखण्याशी आपलं नातं एवढंच! आता अशा माणसाचा विचार करा, ज्याला रात्री पायावर चादरसुद्धा सोसवत नाही. तळवे जळतात, मुंग्या येतात, सुया टोचल्यासारखं होतं. रिपोर्ट मात्र मस्त. रक्तात एचआयव्ही सापडतच नाही. मग सगळं ओके? मुळीच नाही.

एचआयव्हीसोबत जगणाऱ्या अनेकांना नसांचं हे दुखणं छळतं. कधी ते खुद्द व्हायरसमुळे होतं, तर कधी औषधामुळे. २००४ मध्ये आपल्याकडे सरकारी मोफत उपचार सुरू झाले, तेव्हा त्यात स्टॅव्हुडिन होतं. ते जीव वाचवायचं, पण नसा दुखवायचं. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ते हळूहळू बंद करायला सांगितलं. औषध गेलं, काहींच्या पायांतली आग मात्र राहिली. टीबीवरच्या आयसोनियाझिडनेही नसा दुखावू शकतात, म्हणून सोबत बी-६ देतात. शिवाय नागीण बरी झाल्यावर मागे राहणारा ठणका आहेच.

खरी गोची पुढेच आहे. आजार लपवायचा म्हणजे दुखणंही लपवायचं! मग गुपचूप केमिस्टकडे जायचं आणि म्हणायचं, 'पाय दुखतात, काहीतरी द्या.' हातात पडते डायक्लोफिनॅक. नसांच्या दुखण्यावर तिचा फारसा उपयोग नाही, आणि टेनोफोविर चालू असेल तर किडनीला धोका. आजच्या नेहमीच्या एचआयव्हीच्या गोळीत टेनोफोविर असतंच.

उपाय आहेत हो! गॅबापेन्टिन किंवा अमिट्रिप्टिलिनसारखी औषधं डॉक्टर बेताबेताने सुरू करतात. शुगर, बी-१२ आणि दारू यांचाही हिशेब घेतात. आजार फार वाढला आणि वेदना असह्य झाल्या, तर मॉर्फिनही आहे. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याच्या धास्तीने हॉस्पिटलं ते ठेवायलाच कचरायची. २०१४ च्या दुरुस्तीने नियम सोपे झाले. आणि एचआयव्ही आहे म्हणून उपचार नाकारणं २०१७ च्या कायद्याने बेकायदा आहे. कुठे जायचं कळत नसेल, तर १०९७ ही मोफत हेल्पलाइन आहे.

तुमच्या ओळखीत असं कुणी असेल, तर 'गोळ्या वेळेवर घेतोस ना?' एवढंच विचारून थांबू नका. 'दुखतंय का रे?' हेही विचारा. कदाचित हा प्रश्न त्याला आजवर कुणी विचारलेलाच नसेल.