तिशीतली आई

२१ जून हा अभिनेत्री रीमा लागू यांचा जन्मदिवस. १९५८ साली जन्मलेल्या रीमाताई आज असत्या, तर सत्तरीच्या जवळ पोहोचल्या असत्या. १८ मे २०१७च्या पहाटे हृदयविकाराने त्या गेल्या, तेव्हा त्यांनी साठीही गाठली नव्हती. आदल्या दिवसापर्यंत त्या ‘नामकरण’ मालिकेचं चित्रीकरण करत होत्या. त्या दिवशीच्या बातम्यांतून हिंदी पडद्यावरची लाडकी आई गेल्याची हळहळ व्यक्त झाली आणि ती खरीच होती. पण वय वाचून अनेकजण चमकले. फक्त अठ्ठावन्न? मग तीस वर्षांपूर्वी त्या किती वर्षांच्या होत्या?

उत्तर साधं आहे आणि अस्वस्थ करणारं आहे. ‘कयामत से कयामत तक’ १९८८च्या एप्रिलमध्ये प्रदर्शित झाला, तेव्हा जुही चावलाच्या या आईला तिसावं वर्षही पुरं झालं नव्हतं. पुढच्या वर्षी ‘मैंने प्यार किया’ आला. त्यातला मुलगा सलमान खान आईपेक्षा साडेसात वर्षांनी लहान. १९९९च्या ‘वास्तव’मधला मुलगा संजय दत्त तर जेमतेम एका वर्षाने. सलमान आणि संजय पुढे कितीतरी वर्षं नायक राहिले. रीमाताईंना मात्र हिंदी सिनेमाने तिशीतच ज्या खुर्चीत बसवलं, तिथून उठू दिलं नाही.

त्याआधीच्या रीमा लागू कोण होत्या, हे मराठी माणसाने तरी विसरता कामा नये. पुण्याच्या हुजूरपागेत शिकलेली नयन भडभडे ही मुलगी. आई मंदाकिनी भडभडे रंगभूमीवरच्या अभिनेत्री, त्यामुळे मेकअपच्या खोलीचा वास लहानपणापासून ओळखीचा. बालवयात ‘बेबी नयन’ या नावाने तिने सिनेमातही कामं केली. पुढे मुंबईत युनियन बँकेत नोकरी आणि नोकरी सांभाळून नाटक. त्या काळच्या मुंबईत ही वाट अनेकांची होती. बँकांना स्वतःचे नाट्यसंघ होते, आंतरबँक स्पर्धा चुरशीने व्हायच्या आणि दिवसभर काउंटर सांभाळणारी माणसं संध्याकाळी तालमीला उभी राहायची. महिन्याचा पगार ठरलेला असल्यामुळे मिळेल ती भूमिका घेण्याची लाचारी नव्हती. मराठी रंगभूमीच्या त्या भरभराटीमागे या पगाराचा वाटा मोठा आहे आणि त्याची नोंद आपण फारशी घेत नाही. ‘वास्तव’मध्ये रीमाताईंच्या नवऱ्याचं काम करणारे शिवाजी साटम हेही बँकेतलेच.

जयवंत दळवींच्या ‘पुरुष’मध्ये विजयाबाई मेहतांच्या दिग्दर्शनाखाली त्यांनी अंबिका उभी केली. समोर गुलाबरावच्या भूमिकेत नाना पाटेकर. सत्तेच्या मस्तीत एका शिक्षिकेवर बलात्कार करणारा पुढारी आणि कुणीच न्याय देत नाही म्हटल्यावर स्वतः त्याचं पुरुषत्व हिरावून घेणारी ती शिक्षिका. नानांची गुलाबरावची भूमिका आजही आठवली जाते, आणि ते योग्यच आहे. पण अंबिकेचा मार आणि तिचा निर्धार दोन्ही खरे वाटले नसते, तर गुलाबराव नुसता गाजणारा खलनायक उरला असता. त्या नाटकाचा भार तिच्या खांद्यावर होता. पुढे शेखर ताम्हाणे यांच्या ‘सविता दामोदर परांजपे’त एका देहात दोन बायका दाखवण्याचं काम त्यांच्याकडे आलं. संसारी कुसुम आणि तिच्यात शिरणारी, वासनेने पेटलेली ती दुसरी. अशा भूमिका पेलणारी नटी विशीत, तिशीत आपल्याकडे होती. ‘सिंहासन’, ‘आक्रोश’, ‘कलयुग’ या चित्रपटांतही ती दिसली होती. जब्बार पटेल, गोविंद निहलानी, श्याम बेनेगल यांनी तिला पाहिलं होतं.

मग आई आली. इथे एक गोष्ट स्वच्छपणे सांगायला हवी: रीमाताईंनी ती भूमिका कधीही उरकली नाही. त्यांच्या आधीची हिंदी सिनेमातली आई बहुधा पांढऱ्या साडीतली, शिलाई मशीनवर वाकलेली, खोकणारी, मुलाने सूड घ्यावा किंवा पाय धरावेत यासाठीच जणू जगलेली. ‘मैंने प्यार किया’मधली आई हसते, मुलाच्या प्रेमात त्याची साथ देते, नवऱ्याचं चुकतं तिथे मुलाच्या बाजूने उभी राहते. १९९०च्या ‘आशिकी’त नवऱ्याने टाकलेली बाई त्यांनी रंगवली, पण तिची कीव येऊ दिली नाही. ‘हम आपके हैं कौन’मध्ये गाण्यांच्या आणि पाहुण्यांच्या त्या गर्दीतही विहीणबाईंचा मिस्कीलपणा लक्षात राहतो. नव्वदच्या दशकात शहरी घरातल्या मुलांना आपल्या आईशी ज्या मोकळेपणाने बोलावंसं वाटत होतं, तो मोकळेपणा पडद्यावर पहिल्यांदा त्यांनी आणला, असं मला ठामपणे वाटतं.

आणि ‘वास्तव’. पावभाजीच्या गाडीवरून गुन्हेगारीत शिरलेला रघू शेवटी आईकडेच मरण मागतो आणि ती गोळी घालते. हिंदी सिनेमात मुलाला गोळी घालणारी आई नवी नव्हती, ‘मदर इंडिया’ त्याआधी बेचाळीस वर्षं येऊन गेला होता. पण तिथे गावाची अब्रू होती, न्याय होता. इथे चाळीतल्या शांताकडे तत्त्व नाही, भाषण नाही. तिला फक्त दिसतंय की पोराला आता जगवत नाही. ती थकलेली, वाकलेली बाई आपल्या मुलापेक्षा एका वर्षानेच मोठ्या अभिनेत्रीने उभी केली आहे, हे माहीत असूनही त्या प्रसंगात ते आठवत नाही. यापरतं अभिनयाचं प्रमाण काय द्यावं? फिल्मफेअरने चार वेळा त्यांना साहाय्यक अभिनेत्रीचं नामांकन दिलं. पुरस्कार एकदाही दिला नाही.

दूरचित्रवाणी त्यांच्याशी जास्त उदार वागली. ‘हम आपके हैं कौन’ त्यांना छत्तिसाव्या वर्षी आजी करत होता, त्याच सुमारास ‘श्रीमान श्रीमती’त त्या कोकी कुलकर्णी होत्या. घर टापटीप ठेवणारी मराठी गृहिणी आणि शेजारचा दिलरुबा तिच्यावर भाळलेला. त्यांच्या वयाच्या बाईवर कुणी भाळू शकतं, हे मोठ्या पडद्याला सुचलं नव्हतं, छोट्या पडद्याला सुचलं. ‘तू तू मैं मैं’मध्ये सचिन यांनी त्यांना पुन्हा सासू केलं, तीही त्यांच्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान असलेल्या सुप्रिया पिळगावकरांची. तरीही फरक होता. या सासूला भांडायला मिळालं, हरायला मिळालं, लबाडी करायला मिळाली. रंगभूमीवर कमावलेलं टायमिंग तिथे पूर्ण वापरता आलं. त्या दोघींची जुगलबंदी पाहून घराघरांत सासवा-सुना एकत्र बसून हसल्या.

हे एकट्या रीमाताईंच्या नशिबी आलं असतं, तर योगायोग म्हणता आलं असतं. पण हिंदी नायकांच्या आयांची यादी काढली की त्यात मराठी नावं एकामागून एक येतात. लीला चिटणीस १९४१च्या ‘झूला’मध्ये अशोककुमारांच्या नायिका होत्या, १९४८च्या ‘शहीद’मध्ये त्या दिलीपकुमारांच्या आई झाल्या. त्याच्या पुढच्याच वर्षी अशोककुमार ‘महल’मध्ये सोळा वर्षांच्या मधुबालाचे नायक होते. ‘जॉनी मेरा नाम’मध्ये सुलोचनादीदी देव आनंद आणि प्राण यांच्या आई होत्या आणि वयाने दोघांहूनही लहान होत्या. ‘गांधी’मध्ये कस्तुरबा साकारून बाफ्टा मिळवलेल्या रोहिणी हट्टंगडी ‘अग्निपथ’मध्ये अमिताभ बच्चन यांच्या आई झाल्या. बच्चन त्यांच्यापेक्षा साडेआठ वर्षांनी मोठे. शब्द आणि शांतता दोन्ही सांभाळता येणाऱ्या या बायका हिंदीला हव्या होत्या, पण नायकाच्या मागे उभ्या राहायला. त्यांच्या वयाची, त्यांच्याच आयुष्याची गोष्ट लिहावी असं क्वचितच कुणाला वाटलं.

याचा दोष मुंबईच्या हिंदी निर्मात्यांवर टाकून आपल्याला मोकळं होता येणार नाही. आपल्या मराठी मालिकांतही नायिकेच्या आईचं काम करणारी अभिनेत्री बरेचदा चाळिशीही न गाठलेली असते. एकदा केस पांढरे केले की पुढची सगळी बोलावणी त्याच केसांसाठी येतात. अशी भूमिका नाकारायची तर हातात दुसरं काही नाही, कारण आता बँकेतली नोकरी आणि संध्याकाळची तालीम ही सोयही राहिलेली नाही. प्रेक्षकांना हेच हवं असतं, हे उत्तर वर्षानुवर्षं दिलं गेलं. पण ‘आई कुठे काय करते’मध्ये मधुराणी प्रभुलकर यांची अरुंधती मध्यमवयात घराबाहेर पडली, शिकली, पुन्हा प्रेमात पडली, आणि प्रेक्षकांनी ती मालिका २०१९पासून जवळजवळ पाच वर्षं पाहिली.

मग ३० जून २०२३ला ‘बाईपण भारी देवा’ आला. सहा बहिणी, त्यांची भांडणं, त्यांची दुखणी, त्यांच्या राहून गेलेल्या इच्छा, आणि नायक म्हणावा असा कुणीच नाही. बायकांनी गटागटाने चित्रपटगृहं भरली. त्यातली सगळ्यात मोठी बहीण होत्या रोहिणी हट्टंगडी, वयाने रीमाताईंपेक्षा सात वर्षांनी मोठ्या. त्या जून महिन्यात रीमाताईंना पासष्ट पूर्ण झाली असती. सातवी बहीण आणायला दिग्दर्शक केदार शिंदे यांना काय अडचण होती?