मूठ पाहून चाकू घ्यावा

गेल्या महिन्यात साताऱ्याहून एका पालकांचे पत्र आले. महाविद्यालयात शिकणाऱ्या त्यांच्या मुलाने दुर्गभ्रमंतीसाठी मोठा ‘सर्व्हायव्हल’ चाकू मागवण्याचा हट्ट धरला आहे. घ्यावा का, आणि घ्यायचा तर कोणता? ‘हा प्रश्न डॉक्टरला विचारण्यासारखा नाही,’ असेही त्यांनी शेवटी संकोचाने लिहिले होते. माझ्या मते तो डॉक्टरलाच विचारावा. दुकानदार पात्याची तारीफ करतो. त्या पात्याने कापलेला हात शिवायला आमच्याकडे येतो.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी सांगलीच्या आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेले होते. तेथील धोक्याची पातळी ४५ फूट आहे. त्या दिवसांत एका निवारा केंद्रात मी एका शेतकऱ्याचा हात पाहिला. रात्री गोठ्यात पाणी शिरले, नायलॉनच्या दाव्यांच्या गाठी भिजून आवळल्या आणि म्हशी सोडवता येईनात. त्याने घरातली भाजीची सुरी घेतली. ती बोथट होती, म्हणून जोर लावावा लागला. मूठ ओली होती, म्हणून हात पुढे सरकून पात्यावर गेला. म्हशी वाचल्या. तर्जनी आणि मधले बोट वाकवणाऱ्या कंडरा मात्र तुटल्या. रस्ते पाण्याखाली होते. शस्त्रक्रियेसाठी मिरजेला पोहोचेपर्यंत बरेच दिवस गेले. त्याला आजही दोन्ही हातांनी धार काढता येत नाही.

म्हणून माझा पहिला निकष मुठीचा. मूठ आणि पाते यांच्यामध्ये बोट अडेल असा उंचवटा हवा. मूठ गुळगुळीत लाकडाची किंवा चकचकीत धातूची नसावी. खरखरीत रबरासारखी असावी. दुकानात चाकू म्यानातच ठेवून, हात ओला करून मूठ घट्ट धरावी आणि पुढे रेटून पाहावी. बोटे सरकली तर तो चाकू परत करावा, मग त्याची किंमत आणि जाहिरात काहीही असो.

दुसरी गोष्ट पात्याच्या जोडाची. पात्याचे पोलाद मुठीच्या शेवटच्या टोकापर्यंत एकसंध गेलेले असावे. पोकळ मुठीत होकायंत्र आणि काड्यापेटी भरलेले चाकू चित्रपटात शोभतात. जोर पडला की नेमके तेथेच मोडतात. घडीचा चाकू खिशाला सोयीचा, पण त्याची कळ निसटली तर पाते आपल्याच बोटांवर मिटते. संकटात हात थरथरत असताना अशी यंत्रणा नको.

चार ते पाच इंचांचे पाते पुष्कळ झाले. दोरी कापणे, जखमेवरचा कपडा फाडणे, फांदी सोलणे यापलीकडे कामे नसतात. नुसत्या कार्बन पोलादाला धार लवकर लागते, पण साताऱ्याच्या पश्चिम भागातील पावसात ते तितक्याच लवकर गंजते. अशा ठिकाणी न गंजणारे पोलाद बरे. चामड्याच्या म्यानात ओल मुरते, म्हणून घट्ट बसणारे प्लास्टिकचे म्यान चांगले. पुराच्या भागातील घरांनी तर बोथट टोकाचा चाकू घ्यावा. अंधारात, हलत्या नावेत, माणसाच्या किंवा जनावराच्या मानेजवळ दोरी कापायची असते. तेथे अणकुचीदार टोक म्हणजे नवी जखम. सोबत दवाखान्यात वापरतात तशी बोथट टोकाची मजबूत कात्रीही ठेवावी. खरे सांगायचे तर प्रथमोपचारात कात्रीच अधिक वेळा लागते.

कायद्याची बाजूही ध्यानात असू द्या. घरगुती किंवा शेतीच्या कामासाठी नसलेले, ९ इंचांहून लांब अथवा २ इंचांहून रुंद पात्याचे चाकू शस्त्र नियमांच्या कक्षेत येतात. बामणोलीहून नावेने वासोट्याला जाणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावे. तो किल्ला कोयना अभयारण्यात आहे आणि वन्यजीव कायद्याच्या व्याख्येत चाकूही शस्त्रच ठरतो. लेखी परवानगीशिवाय तो आत नेता येत नाही, घरीच ठेवावा.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला, ते. सर्पदंशाच्या जागी चाकूने चिरा देऊन ‘विष बाहेर काढण्याची’ समजूत अजूनही सुशिक्षित घरांत आढळते आणि भटकंतीचा चाकू घेताना ती अनेकांच्या मनात असते. या चाकूचा सर्पदंशाशी काहीही संबंध नाही. चिरेतून विष निघत नाही. घोणस आणि फुरसे यांच्या विषाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडते. अशा रुग्णाला दिलेली लहानशी चीरही वाहतच राहते. दंशाच्या वर करकचून दोरी बांधू नये, रक्त चोखू नये. अंगठी, बांगडी, घड्याळ काढावे, तो अवयव फळीच्या आधाराने स्थिर ठेवावा, रुग्णाला चालू देऊ नये आणि १०८ ला दूरध्वनी करून प्रतिविष असलेल्या रुग्णालयात न्यावे.

चाकूनेच हात कापला तर स्वच्छ कापडाने जखम दाबून धरावी आणि हात छातीच्या वर उचलावा. हळद, चहाची पूड भरू नये; ती काढताना आमचा वेळ जातो आणि जखम चिघळते. काही खोल रुतले असेल तर उपटू नये. रक्त थांबले तरी बोट वाकत नसेल किंवा बधिर वाटत असेल, तर त्याच दिवशी दाखवावे. पुराच्या पाण्यात भिजलेली जखम कितीही लहान असली तरी डॉक्टरांना दाखवावी, कारण लेप्टोस्पायरोसिसचे जंतू अशाच ओरखड्यांतून शिरतात.

साताऱ्याच्या पालकांना मी उत्तर धाडले आहे: चाकू घ्या, लहान घ्या, आणि धार लावायचा दगडही त्याच दिवशी घ्या. चिरंजीवांना धनुर्वाताची लस शेवटची कधी टोचली, तेही शोधून ठेवा. मळक्या जखमेसाठी ती पाच वर्षांपूर्वीची असेल, तर पुन्हा घ्यावी लागते.