फिल्टर बदलणे हे 'किरकोळ' काम नव्हे

प्रशासनाच्या शब्दकोशात 'किरकोळ' हा मोठा सोयीचा शब्द आहे. ज्या कामाला माणूस द्यायचा नाही, वेळ द्यायचा नाही आणि सुटा भाग तर मुळीच द्यायचा नाही, ते काम किरकोळ. मात्र त्याच कामात खोट निघाली, टपालाची गाडी थैल्यांसकट वाटेत बसली किंवा टॅम्पिंग मशीन ब्लॉक संपला तरी रुळावरून हलले नाही, की तेच काम एका रात्रीत 'सुरक्षिततेच्या दृष्टीने अत्यंत महत्त्वाचे' ठरते. आणि ज्याने ते केले त्याच्या हातात आरोपपत्र पडते. जुन्या डिझेल इंजिनाचा इंधन फिल्टर बदलणे आणि मग त्यातील हवा काढणे हे असेच एक काम.

हे काम नियमित कारागिरांकडून काढून ठेकेदाराला देण्यासाठी दोन युक्तिवाद पुढे केले जातात. पहिला असा की, यात आहे काय, कोणीही हेल्पर करील. दुसरा असा की, डिझेलचे दिवस संपले, आता त्याच्यामागे कुशल माणूस कशाला गुंतवायचा. दोन्ही खोटे आहेत, असे आमचे म्हणणे आहे.

पहिल्याला आधी हात घालू. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबलेल्या हवेच्या उष्णतेवर डिझेल पेटते, आणि त्यासाठी ते नोझलमधून प्रचंड दाबाने, धुक्यासारखे फवारले जावे लागते. हा दाब तयार करणाऱ्या पंपात प्लंजर आणि त्याची नळी यांच्यातील फट अवघी दोन-तीन मायक्रॉनची असते. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो, यावरून अंदाज करा. या भागांना वंगणही डिझेलचेच. तेव्हा टाकीतील गाळ, गंज आणि पाणी यांच्यापासून पंपाला वाचवणारा पहारेकरी म्हणजे तो फिल्टर. तो वेळेवर बदलला नाही तर आधी इंजिनाचा जोर कमी होतो, मग ते चढावर धापा टाकते, आणि शेवटी पंप व नोझल यांचा खर्च समोर येतो. त्या खर्चात किती फिल्टर आले असते, हा हिशेब मात्र कोणी मांडत नाही.

आता हवेचे पाहू. फिल्टर उघडला की आत हवा शिरणारच. द्रव दाबला तर दाब पुढे जातो. हवा दाबली तर ती नुसती आकसते. प्लंजर वर जातो, बुडबुडा आकसतो. प्लंजर खाली येतो, बुडबुडा पसरतो. नोझलची सुई जागची हलत नाही. टाकी भरलेली, बॅटरी तगडी, आणि इंजिन मुके. आपले कारागीर याला 'इंजिनाने एअर घेतली' असे म्हणतात. वरच्या कार्यालयात जाणाऱ्या अहवालात त्याचे भाषांतर 'चालकाची हयगय' असे होते.

जाणता मेकॅनिक हे काम कसे करतो ते पाहा, म्हणजे 'कोणीही करील' या बोलण्याची किंमत कळेल. जुन्या ट्रकवर किंवा जनरेटरवर मायकोचा दोन भांड्यांचा फिल्टर असतो. पहिल्यात कापडी, दुसऱ्यात कागदी. तो आधी बाहेरून पुसून काढतो, कारण बाहेरची धूळ आत पडली तर नवा फिल्टर घालून उपयोग काय? भांडी सोडून तळाचे पाणी आणि गाळ काढतो. वरच्या डोक्याला जुनी रबरी रिंग चिकटून राहिली आहे का, हे बोटाने चाचपून बघतो. तिच्यावरच नवी रिंग बसली तर इंजिन कितीही वेळा ब्लीड करा, पुन्हा हवा घेणारच. तांब्याचे वायसर नवे घालतो. स्टोअर्समध्ये नसले (आणि ते नसतातच) तर जुने लाल होईपर्यंत तापवून नरम करतो. बोल्ट बेताने आवळतो; फार आवळला तर आटे जातात.

मग हवा. फिल्टरच्या डोक्यावरचा स्क्रू ढिला करून फीड पंपाचा हँड प्रायमर मारायचा. आधी फेस येतो, मग थुंकल्यासारखे डिझेल येते, मग अखंड धार. धार चालू असतानाच स्क्रू आवळायचा. नंतर मोठ्या पंपावरच्या स्क्रूवर तेच. एवढ्यावर इंजिन सुरू झाले नाही तर नोझलकडच्या पाइपांचे नट थोडे ढिले करून सेल मारायचा. तोही एका वेळी दहा-पंधरा सेकंदच, मध्ये विश्रांती देऊन, नाहीतर सेल्फ आणि बॅटरी दोन्ही जातात. तिथून डिझेल येऊ लागले की नट एकेक करून आवळायचे. या वेळी हात फवाऱ्यापासून दूर हवा. या दाबाचे डिझेल कातडीतून आत घुसते. वर दिसते टाचणी टोचल्याएवढे, पण उपचाराला उशीर झाला तर बोट, प्रसंगी हात जातो. असे झाल्यास मलमपट्टी करून ड्यूटी पुरी करू नका, ताबडतोब रुग्णालय गाठा. आणि हेही ध्यानात ठेवा: नव्या कॉमन रेल इंजिनात हे पाइप ढिले करणे पूर्णपणे वर्ज्य आहे. तिथला दाब हजार वातावरणांच्या वर जातो. कोणत्या इंजिनावर नट सोडायचा आणि कोणत्यावर त्याला हात लावायचा नाही, हा फरक ज्याला कोणी शिकवलेला नाही अशा पोराच्या हाती पाना देणे हा गुन्हा आहे, आणि तो गुन्हा पोराचा नाही.

हे सारे नीट करायला आमच्या हिशेबाने पाऊण तास ते तास लागतो. कागदावर मिळतात वीस मिनिटे. मग वरून तोंडी सूचना येते: 'प्रायमर कशाला मारत बसता, कॅनमधले डिझेल ओतून फिल्टर भरूनच बसवा.' बंद डब्याच्या फिल्टरमध्ये मधल्या भोकातून ओतलेले डिझेल गाळलेल्या बाजूला पडते, म्हणजे न गाळता थेट पंपात जाते. ही सूचना लेखी द्या म्हटले की साहेब चहाला निघून जातात.

चौकशीत नेहमी वाचायला मिळणारे एक वाक्य आहे: 'तपासणीत कोठेही गळती आढळली नाही.' टाकीपासून फीड पंपापर्यंतचा पाइप हा ओढीचा भाग असतो. तिथे जोड सैल असेल तर डिझेल बाहेर ठिबकत नाही, हवा आत ओढली जाते. म्हणजे जागा कोरडी दिसते आणि इंजिन मात्र पाच-दहा मैलांवर बसते. ओल नाही म्हणून दोष नाही, आणि दोष नाही म्हणून चालक दोषी, असे हे तर्कशास्त्र! याच तर्कावर रेल्वेत एसएफ-११ निघतो आणि टपालात नियम १६ खाली नुकसानभरपाईची वसुली पगारातून सुरू होते. आमचा सरळ सवाल आहे. त्या गाडीचा फिल्टर शेवटचा कधी बदलला, किती तासांनी बदलला, कोणी बदलला, याची नोंद चौकशीच्या कागदांत का नसते? आरोपपत्र मिळालेल्या प्रत्येक बांधवाने उत्तर देण्याआधी लॉगबुक आणि जॉब कार्डाच्या प्रती लेखी मागाव्यात. मिळाल्या नाहीत तर तसे उत्तरात नोंदवावे.

पाण्याचीही तीच कथा. लहान स्थानकावर जनरेटरसाठी आणलेली पिंपे उघड्यावर उभी ठेवलेली असतात. पावसात वरच्या खोलगट झाकणात पाणी साचते. दिवसा पिंप तापते, रात्री थंड होते, आणि थंड होताना बुचातून तेच पाणी आत ओढून घेते. पिंप आडवे ठेवा, वर पत्रा टाका, एवढीच दोन पैशांची मागणी. ती मान्य होत नाही आणि पावसाळ्यात रात्री जनरेटर बसला की खलाशाला जाब विचारला जातो.

ठेकेदारीबद्दल बोलताना आम्हाला आपल्याच काही शाखांना दोन शब्द सुनवायचे आहेत. ठेकेदाराला बिल मिळते ते बसवलेल्या फिल्टरच्या संख्येवर. इंजिन पुढे चालले की नाही, यावर नव्हे. तेव्हा जुना फिल्टर पुसून परत बसवण्याचा मोह कोणाला होईल हे सांगायला नको. पण म्हणून त्याचा माणूस आपला शत्रू होत नाही. त्याच्याही डोळ्यांत डिझेल जाते, त्याला चष्मा नाही, हातमोजे नाहीत, पगारी सुटी नाही. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याच्या कलम १० ने विचारलेले प्रश्न साधे होते: काम बारमाही आहे काय? अशा आस्थापनांत ते एरवी नियमित कामगार करतात काय? फिल्टर तर इंजिन चालेल तोवर बदलावा लागतो. याहून बारमाही काम कोणते? हे प्रश्न आपण किती वेळा विचारले? बदल्या आणि ओव्हरटाइम यांच्या फायली जाड झाल्या, फिल्टरची एकही नाही.

राहिला डिझेल संपल्याचा मुद्दा. वाराणसीच्या कारखान्यातून १९६४ पासून डब्ल्यूडीएम-२ इंजिने बाहेर पडली. सोळा सिलिंडर, प्रत्येकाला स्वतंत्र पंप, २,६०० अश्वशक्ती. तिथे हँड प्रायमर नाही, विजेवर चालणारा बूस्टर पंप आहे. पण प्राथमिक आणि दुय्यम फिल्टर आहेत आणि हवा शिरली की इंधनदाबाचा काटा तसाच नाचतो. त्या कारखान्याच्या नावातून २०२० साली 'डिझेल' हा शब्दच काढला गेला. अनेक डिझेल शेडमध्ये आज विजेची इंजिने उभी राहतात. हे आम्हाला दिसते, आणि विद्युतीकरणाला आमचा विरोध नाही. पण तार तुटली, पूर आला, अपघात झाला की मदतीला काय धावते? रुळांची देखभाल करणारी यंत्रे कशावर चालतात? वीज गेल्यावर स्थानकात दिवा कोण लावतो? मेल मोटरच्या जुन्या गाड्या कशावर पळतात? उलट, जे इंजिन महिन्यातून दोनदाच सुरू होते त्याच्या टाकीत पाणी अधिक साचते. आणि ते सुरू व्हायला हवे असते नेमके संकटाच्या क्षणी. म्हातारे झाले म्हणून औषध बंद करा, असे म्हणणाऱ्या डॉक्टरला आपण काय म्हणू?

रेल्वेच्या शाखांनी पीएनएमच्या पुढील बैठकीसाठी आणि टपालाच्या शाखांनी आपल्या विभागीय बैठकीसाठी हा विषय लेखी द्यावा. फिल्टर बदल धावलेल्या तासांवर आणि किलोमीटरवर ठरावा, बजेट शिल्लक आहे की नाही यावर नव्हे. फिल्टरसोबत रिंगा आणि वायसर एकाच पाकिटात मिळावेत. काम कुशल श्रेणीत धरून त्याला पुरता तास द्यावा, आणि ठेक्यावरच्या माणसालाही तेच शिक्षण व तीच साधने द्यावीत. शिवाय बदललेला प्रत्येक फिल्टर गाडीच्या क्रमांकाची चिठ्ठी लावून पुढच्या बदलापर्यंत जपून ठेवावा. गाडी वाटेत बसली तर तो संघटनेच्या प्रतिनिधीसमोर कापून उघडावा. आतला कागद काळा आहे, गंजाने लाल झाला आहे की पाण्याने फुगला आहे, ते तिथेच सर्वांना दिसेल. चौकशी अधिकाऱ्याने त्यानंतर लिहायला बसावे.