डॉक्टर, कुळाची चौकशी करा

सोयरीक जमवताना आपण मामेकूळ, देवक, सारं खोदून विचारतो. पण छातीत गाठ घेऊन तालुक्याच्या दवाखान्यात गेलेल्या बाईला "आईला, मावशीला, आत्याला असं काही झालं होतं का?" एवढं विचारणारा डॉक्टर क्वचितच भेटतो. गाठ काढली, केमो दिली, की काम संपलं. तिच्या मुलींचं काय, हे केसपेपरवर येतच नाही.

स्तनाच्या कर्करोगाच्या शंभर रुग्णांत पाच ते दहा जणींचाच आजार आनुवंशिक असतो. बाकीच्यांच्या लेकींनी उगाच धास्ती घेऊ नये. पण बीआरसीए-१ हे जनुक १९९४ साली हाती लागलं, बीआरसीए-२ पाठोपाठ १९९५ साली. त्यातला दोष मुलाबाळांत उतरण्याची शक्यता निम्मी असते आणि तो बापाकडूनही येतो. घरात कुणाला कमी वयात हा रोग झाला असेल, कुणाला अंडाशयाचा, किंवा एखाद्या पुरुषाला स्तनाचा, तर त्या घराला जनुकीय सल्ला मिळायलाच हवा.

डॉक्टर म्हणतात, ओपीडीत रांग असते, तपासणी महाग, वर लोक खरं सांगत नाहीत. खोटं नाही. पण विचारायला पाच मिनिटं पुरतात, आणि तपासणी साऱ्या घराची करायची नसते. आधी आजारी बाईचं रक्त तपासायचं. तिच्यात दोष सापडला तर मुलींमध्ये तेवढाच शोधायचा. ते स्वस्तही पडतं. आपल्याकडे घोळ होतो तो इथंच. आई तपासणीविना गेली, तर मुलींचा रिपोर्ट चांगला आला तरी त्यावर पुरता भरवसा ठेवता येत नाही.

"पोरींची लग्नं मोडतील" म्हणून लोक लपवतात. ही भीती खरी आहे. म्हणूनच नुसता रिपोर्ट हातात देणं म्हणजे समुपदेशन नव्हे. दोष म्हणजे रोग नव्हे, नियमित तपासण्या आहेत, मुलं झाल्यावर अंडाशय काढण्याचा मार्ग आहे, हे आधी समजवावं लागतं. गुपित राखावं लागतं. तपासणीचा निर्णय सज्ञान मुलीचा, सासरचा नव्हे.

मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये यासाठी खास क्लिनिक आहे. पण चिठ्ठी लिहायची ती तालुक्याच्या डॉक्टरनं. तोवर दोन्ही घरांतली कर्करोगाची माणसं, त्यांची वयं कागदावर लिहून न्या. डॉक्टरांनी विचारलं नाही, तरी पुढं ठेवा.