गुडघ्यांची झीज आणि कायद्याचे मौन

गुडघ्याच्या वाटीपुढील पिशवी सुजते त्या विकाराला इंग्रजी वैद्यकात ‘मोलकरणीचा गुडघा’ असे नाव आहे. गुडघे टेकून फरशा घासणाऱ्या स्त्रियांत तो वारंवार आढळे, म्हणून हे नाव पडले. रोगाच्या नावात श्रमिकाला असे स्थान मिळाले. आपल्या भरपाईच्या कायद्यात मात्र त्याच्या गुडघ्याला अद्याप जागा नाही.

पाय पिळवटून अस्थिबंध तुटणे किंवा सांध्यातील गादी फाटणे ही अपघाती इजा आहे. ती कामावर झाली तर निदान तिची नोंद तरी होऊ शकते. परंतु उकिडवे बसून खुरपणी करणारी शेतमजूर स्त्री, पोती वाहणारा हमाल आणि दिवसभर गुडघ्यांवर राहून फरशी बसविणारा कारागीर यांच्या सांध्यातील कूर्चा वर्षानुवर्षे हळूहळू झिजते. त्या झिजेला अपघाताची तारीख नसते. म्हणून ‘वय झाले, वंगण संपले’ असे सांगून त्यांची बोळवण केली जाते. वय, वजन आणि आनुवंशिकता ही कारणे खरीच आहेत. पण गुडघे टेकणे, उकिडवे बसणे आणि ओझे उचलणे यांनी हा धोका वाढतो, हेही तितकेच खरे आहे.

इतर देशांनी ते मान्य केले. जर्मनीने २००९ साली अशा झिजेचा व्यवसायजन्य रोगांच्या यादीत समावेश केला. ब्रिटनने त्याच वर्षी कोळसा खाणकामगारांना आणि २०१२ साली गालिचे व फरशी बसविणाऱ्यांना हा हक्क दिला. भारतात मात्र १९२३ च्या भरपाई कायद्याच्या परिशिष्टात ही झीज नव्हती आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती आलेली नाही.

कायदा गप्प राहतो तेथे बाजार बोलू लागतो. झिजेचे निदान बहुधा रुग्णाची हकीकत, हाताने केलेली तपासणी आणि गरज पडल्यास उभे राहून काढलेला एक्स-रे एवढ्याने होते. एम.आर.आय.मध्ये फाटलेली गादी दिसली म्हणजे दुखण्याचे कारण सापडले असे नव्हे. मध्यम वयानंतर न दुखणाऱ्या गुडघ्यांतही ती दिसते. झिजलेला सांधा दुर्बिणीने धुण्याची शस्त्रक्रिया अमेरिकेत ह्यूस्टन येथे १८० रुग्णांवर पडताळली गेली. २००२ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की, केवळ त्वचेला चिरा दिलेल्या रुग्णांपेक्षा तिचा लाभ अधिक नव्हता. मांडीच्या स्नायूंचा नियमित व्यायाम आणि वजनावर नियंत्रण हे पहिले उपचार आहेत. त्यांत विकण्याजोगे काही नाही, म्हणून त्यांची जाहिरातही नाही. सांधा पूर्ण निकामी झाल्यावर कृत्रिम सांधा खरोखर उपकारक ठरतो. २०१७ च्या ऑगस्टमध्ये केंद्राने सर्वाधिक वापरातल्या सांध्याची किंमत ५४,७२० रुपयांवर बांधली, हे योग्यच झाले. परंतु सांध्याची किंमत बांधल्याने रुग्णालयाचे संपूर्ण बिल बांधले जात नाही.

शिवाय ज्याची मजुरी रोजच्या हजेरीवर आहे त्याला ‘उकिडवे बसू नका, ओझे उचलू नका’ असे सांगणे म्हणजे उपाशी राहण्याचा सल्ला देणे होय. उपचाराची सुरुवात म्हणूनच कामाच्या ठिकाणी झाली पाहिजे. लांब दांड्याची अवजारे, गुडघ्यांसाठी जाड गाद्या, हातगाड्या आणि हलकी पोती या काही अशक्य कोटीतील मागण्या नव्हेत. १९६७ साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने प्रौढ पुरुषाच्या ओझ्याला ५५ किलोंची मर्यादा सुचविली, तिलाही अर्धशतक उलटून गेले आहे.

गुडघ्याची झीज व्यवसायजन्य रोगांच्या यादीत यावी, तालुक्याच्या रुग्णालयात व्यायामोपचार मोफत मिळावा आणि १९६९ च्या माथाडी कायद्याखालील मंडळांनी हमालांची नियमित तपासणी करावी, या मागण्या संघटनांनी लावून धरल्या पाहिजेत. त्यासाठी प्रत्येक कार्यकर्त्याने आपल्या भागातील दुखऱ्या गुडघ्यांची, त्यांच्या कामाची आणि कामाच्या वर्षांची नोंद ठेवावी. ज्या दुखण्याची नोंद नाही, त्याची भरपाई कोणतेही सरकार देत नाही.