बसमध्ये कोण कोण आहे?

दोस्तांनो, हिंगोलीहून औंढा नागनाथला जाणारी एसटी डोळ्यांपुढं आणा. घंटी वाजते, गाडी हलते आणि कंडक्टरकाका विचारत येतात, "बोला, कुठं जायचं?" कुणी म्हणतं औंढा, कुणी म्हणतं वसमत. काका तिकीट फाडतात आणि पुढं सरकतात. पण शेवटच्या बाकाखाली एक खोकं ठेवलंय. त्याला कितीही विचारलं तरी ते बोलणार आहे का? त्याच्यावर चिठ्ठी असली तरच कळणार, ते कुणाचं, कुठं उतरवायचं आणि आत काय आहे.

अगदी अशीच एक बस कॉम्प्युटरच्या पोटात असते. तिला चाकं नसतात. ती म्हणजे अनेक भागांनी मिळून वापरायच्या सामाईक तारा. 'ऑम्निबस' या लॅटिन शब्दाचा अर्थ 'सगळ्यांसाठी'. त्यावरूनच रस्त्यावरच्या बसला नाव पडलं आणि कॉम्प्युटरमधल्या बसलाही!

मग या बसचा कंडक्टर कोण? कर्नल! सैन्यातले कर्नलसाहेब नव्हेत बरं का. हा शब्द इंग्रजीतला, अर्थ दाणा, म्हणजे शेंगेच्या टरफलात असतो तो. ऑपरेटिंग सिस्टीमच्या आतला हा दाणा सगळा कारभार बघतो. लिनक्स हा असाच एक प्रसिद्ध कर्नल. फिनलंडमधल्या हेलसिंकीच्या लायनस टोरवाल्ड्स या 21 वर्षांच्या विद्यार्थ्यानं तो 1991 साली लिहायला घेतला.

कॉम्प्युटर सुरू झाला की कर्नल हजेरी घेतो. काही बसवरचे प्रवासी बोलके असतात. पीसीआय नावाच्या बसवर कर्नल प्रत्येक जागेला विचारतो, "तू कोणत्या कंपनीचा? तुझा प्रकार कोणता?" तिथं बसवलेलं कार्ड दोन क्रमांक सांगतं. इंटेल कंपनीचा क्रमांक आहे 8086. तिच्या 1978 सालच्या गाजलेल्या प्रोसेसरचं नावही हेच! जागा रिकामी असेल तर उत्तरात सगळे एकच एक येतात. कर्नल समजतो, इथं कुणी नाही.

गंमत म्हणजे या बसला ड्रायव्हर एक नसतो, प्रत्येक प्रवाशासाठी वेगळा असतो. ड्रायव्हर म्हणजे ते यंत्र कसं चालवायचं हे जाणणारा प्रोग्रॅम. आपल्याला कोणते क्रमांक चालवता येतात, याची यादी त्याच्याजवळ असते. कार्डानं सांगितलेला क्रमांक यादीत सापडला की जोडी जमली.

पण सगळेच प्रवासी बोलके नसतात. फिलिप्स कंपनीनं 1982 साली 'आय-टू-सी' नावाची साधी, स्वस्त बस काढली. तिच्यात संदेशासाठी दोनच तारा. तापमान मोजणाऱ्या, वेळ सांगणाऱ्या छोट्या चिपा तिच्यावर बसतात. प्रत्येकीला पत्ता असतो, पण नाव विचारायची सोय नाही. पत्त्यावर हाक मारली तर फक्त "हं" एवढंच उत्तर! डीएस 1307 ही घड्याळाची चिप आणि एमपीयू 6050 ही हालचाल मोजणारी चिप. दोघींचा पत्ता 104. आता 104 वरून "हं" आलं, तर आत घड्याळ आहे की दुसरंच काही, हे कसं ओळखणार?

तुम्ही म्हणाल, थोडं चाचपून बघावं की! तसंही झालंय. सन 2000 च्या आसपास लिनक्सवर एक प्रोग्रॅम होता. तो प्रत्येक पत्त्यावर चाचपणी करून चिपा शोधायचा. आयबीएमच्या काही थिंकपॅड कॉम्प्युटरांत एक चिप अशी निघाली, की तिला ही चाचपणी म्हणजे 'हे लिहून घे' असा हुकूम वाटला. तिच्यातली महत्त्वाची माहिती बिघडली आणि ते कॉम्प्युटर सुरूच होईनात. बिनचिठ्ठीचं खोकं फोडून बघण्याचा हा परिणाम!

म्हणून मुक्या यंत्रांसाठी चिठ्ठी लिहावी लागते. अमुक बसवर, अमुक पत्त्यावर, अमुक चिप आहे, असं कर्नलला आधीच जाहीर करायचं. पूर्वी मोबाइलसारख्या लहान यंत्रांसाठी ही माहिती थेट कर्नलमध्येच लिहीत. प्रत्येक नव्या यंत्रामागे नवी भर. 2011 साली या पसाऱ्यावर टोरवाल्ड्स चांगलेच वैतागले. त्यानंतर 'डिव्हाइस ट्री' नावाच्या वेगळ्या फायलीत चिठ्ठ्या लिहायची पद्धत तिथं रूढ झाली. रास्पबेरी पाय हा हातात मावणारा कॉम्प्युटरही अशीच फाइल वाचून जागा होतो.

आता पुन्हा औंढ्याकडे वळू. त्या परिसरात 'लायगो-इंडिया' ही वेधशाळा उभारायची आहे. 2023 च्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारनं तिच्यासाठी 2,600 कोटी रुपये मंजूर केले. काटकोनात दोन भुजा, प्रत्येकी 4 किलोमीटर लांब. अवकाशातून येणाऱ्या गुरुत्वीय लहरी ती टिपणार. अमेरिकेतल्या अशाच वेधशाळांनी 14 सप्टेंबर 2015 रोजी पहिली लहर पकडली. तिथं मोजायचा बदल प्रोटॉनच्या रुंदीच्या दहा हजाराव्या भागाहूनही लहान असतो!

अमेरिकेतल्या त्या वेधशाळांचं नियंत्रण लिनक्सवरच चालतं. आरशांजवळच्या संवेदकांच्या तारा पीसीआय एक्सप्रेस बसवरच्या कार्डांना जोडलेल्या असतात. मुख्य संकेताची नोंद सेकंदाला 16,384 वेळा होते. कार्ड बोलकं, ते स्वतःची ओळख सांगतं. पण आपल्या तिसऱ्या भोकात कोणत्या आरशाची तार आलीय, हे त्याला ठाऊक नसतं. ते माणसांनाच लिहावं लागतं.

इथंच खरी मेख आहे. चिठ्ठी लिहायची राहिली, तर यंत्र गप्प बसतं आणि आपल्याला चूक लगेच कळते. पण चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली तर? आकडे येतच राहतात. घंटी वाजत नाही, लाल दिवा लागत नाही. एका आरशाची हालचाल दुसऱ्याच्या नावावर जमा होत राहते. चिठ्ठी खोटी आहे, हे कॉम्प्युटरला कधीच आपण होऊन समजत नाही. म्हणून मोठ्या प्रयोगांत एकानं जोडलेली तार दुसऱ्यानं तपासायची असते. हे काम कंटाळवाणं वाटेल, पण पुढचं सगळं संशोधन त्याच्यावरच उभं राहतं.

करून पाहा : शाळेच्या किंवा घरच्या विंडोज कॉम्प्युटरवर सरांना किंवा आई-बाबांना सोबत घेऊन 'डिव्हाइस मॅनेजर' उघडा. एखाद्या यंत्राच्या तपशिलात 'हार्डवेअर आयडीज' बघा. तिथं 8086 सापडतो का? फक्त वाचायचं हं, काही बदलायचं नाही!

आणि हे कोडं : यूएसबीचा माऊस काढून दुसऱ्या भोकात लावला तरी लगेच चालतो. मग तो बोलका प्रवासी, की मुकं खोकं?