घर आणि अभ्यास : किती मार्क हवेत, ते आधी मोजा



परीक्षा जवळ आली की घराघरांत एकच वाक्य ऐकू येते, ‘‘नीट अभ्यास कर, चांगले मार्क पडले पाहिजेत.’’ चांगले म्हणजे किती, हे ना सांगणाऱ्याला ठाऊक असते, ना ऐकणाऱ्याला. या महिन्यात तेवढ्याच प्रश्नावर बोलू या.

गेल्या जुम्म्याला आपा तिच्या मुलीला घेऊन आमच्याकडे आली. भाची मराठी विषयात एम.ए. करते आहे, शेवटचे सत्र चालू आहे. तिला नेट द्यायची आहे, पुढे महाविद्यालयात शिकवायचे आहे. घरात मात्र एक रिश्ता येऊन थांबला आहे. भाईजान म्हणाले आहेत, ‘‘फर्स्ट क्लास आण, मग पुढचे शिक्षण. नाहीतर हा रिश्ता पक्का करू.’’ भाची पंधरा दिवसांपासून रात्री दोनपर्यंत जागत होती आणि वाचलेले काहीच लक्षात राहत नाही म्हणून रडत होती.

मी म्हटले, ‘‘आधी गुणपत्रिका आण.’’

तिच्या अभ्यासक्रमात चार सत्रे आहेत. प्रत्येक सत्रात चार पेपर आणि प्रत्येक पेपर १०० गुणांचा, म्हणजे एकूण १६०० गुण. प्रत्येक पेपरचे ४० गुण अंतर्गत आणि ६० लेखी परीक्षेचे. पहिल्या तीन सत्रांत तिला २१२, २१९ आणि २१० गुण होते. बेरीज ६४१. चौथ्या सत्राचे अंतर्गत गुण महाविद्यालयाने नुकतेच लावले होते : २७, २९, २६ आणि ३०, म्हणजे ११२. आजपर्यंत तिच्या पदरात पडलेले गुण झाले ७५३. हातात उरली चार पेपरांची लेखी परीक्षा, २४० गुणांची.

आता भाईजानांचा फर्स्ट क्लास घ्या. ६० टक्के म्हणजे १६०० पैकी ९६०. त्यातून ७५३ वजा केले की २०७ उरतात. २४० पैकी २०७! प्रत्येक पेपरात ६० पैकी जवळजवळ ५२. ज्या मुलीला लेखी परीक्षेत आजवर सरासरी २६ गुण पडत आले, तिला शेवटच्या सत्रात दुप्पट आणायला सांगितले जात होते. भाईजानांना ते ठाऊक नव्हते. त्यांना वाटत होते, आपण एक सोपी अट घातली आहे. प्रत्यक्षात ती अट म्हणजे नकारच होता.

मग मी विचारले, ‘‘नेटसाठी किती लागतात?’’ खुल्या प्रवर्गाला पदव्युत्तर पदवीत ५५ टक्के लागतात, आणि ते पुरते ५५ लागतात. ५४.९ चे ५५ धरत नाहीत. १६०० चे ५५ टक्के म्हणजे ८८०. वजा ७५३, उरले १२७. चार पेपरांत वाटले तर प्रत्येकी ३१.७५, म्हणजे ३२ धरा. प्रत्येक पेपरात ३१ मिळाले, तर एकूण ८७७ होतात आणि टक्केवारी ५४.८१ वर अडकते. तीन गुणांसाठी सगळे जाते. म्हणून ३२ हा आकडा भाचीने वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहिला.

२६ वरून ३२ म्हणजे पेपरामागे सहा गुण. त्यासाठी रात्रभर जागायला नको. सोडून दिलेली एखादी टीप लिहायची, वेळ संपला म्हणून अर्धवट राहणारे शेवटचे उत्तर पुरे करायचे. भाषाविज्ञानाची तिला धास्ती आहे. तिथे २७ च मिळतील असे धरले, तर बाकीच्या तीन पेपरांत ३५, ३४ आणि ३१ आणले की १२७ भरतात. मात्र बेरीज अगदी काठावर ठेवू नका, दोन-चार गुण जास्तीचे धरा.

आणखी एक गोष्ट या हिशेबात निघाली. नेटसाठी ओबीसी नॉन क्रिमीलेअर उमेदवाराला ५० टक्के पुरतात. आपल्यातल्या अनेक जमाती ओबीसी यादीत आहेत. जमात केंद्राच्या यादीत असेल आणि दाखला हातात असेल, तर १६०० पैकी ८०० गुण हवेत. भाचीला लेखी परीक्षेत उत्तीर्ण व्हायलाच पेपरामागे २४ गुण लागतात. तेवढ्यावरही तिचे ८४९ होतात. आपाच्या घरातला दाखला मुदत संपून कपाटात पडलेला निघाला. तो नवा करायला अर्ज करा म्हटले. पण तो वेळेत मिळेल यावर विसंबू नये, म्हणून लक्ष्य ३२ चेच ठेवले.

तुमच्या घरीही हा हिशेब करा. एकूण गुणांतून हवे तेवढे टक्के काढा, मिळालेले गुण त्यातून वजा करा, उरलेल्या पेपरांत वाटा. उत्तर उरलेल्या गुणांपेक्षा मोठे आले, तर ते लक्ष्य आता हाती लागणारे नाही. भाचीला विशेष श्रेणीच्या ७५ टक्क्यांसाठी ४४७ गुण लागले असते आणि परीक्षाच २४० ची आहे. अशा वेळी मुलाला रागावून काही होत नाही, लक्ष्य बदलावे लागते. प्रत्येक पेपरात वेगळे उत्तीर्ण व्हावे लागते का, हेही नियमात पाहून घ्या.

गुणांऐवजी श्रेणी असेल तरी रीत तीच. चारही सत्रांचे क्रेडिट सारखे असतील, तर हव्या असलेल्या सीजीपीएला चारने गुणा आणि तीन सत्रांचे एसजीपीए वजा करा. ६.५ हवा असेल तर २६. आधीचे ६.२, ६.५ आणि ६.३ मिळून १९. शेवटच्या सत्रात ७ हवा. क्रेडिट वेगवेगळे असतील, तर प्रत्येक सत्राचा आकडा त्याच्या क्रेडिटने गुणून घ्या. त्याचे टक्के करण्याचे सूत्र प्रत्येक विद्यापीठाचे वेगळे असते, ते आपल्याच विद्यापीठाचे पाहा.

आपाने हिशेबाचा कागद घरी नेला. रात्री भाईजानांचा फोन आला. बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘‘मला वाटलं होतं, पोरगी मेहनतच करत नाही. बत्तीस आणू दे. रिश्तेवाल्यांना मी थांबायला सांगतो.’’

पेपर अजून व्हायचे आहेत. भाची आता अकराला झोपते. तिच्यासाठी दुआ करा, आणि आपल्या मुलांच्या गुणपत्रिका घेऊन आजच एकदा बसा.